काढलेले ओरिजिनल पार्ट विकावेत की ठेवावेत?

प्रश्न: मी पुण्यात कोथरूडला राहतो. २०२३ मध्ये सेकंडहँड स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २४५ घेतली (२०२० चं मॉडेल, आता ५८,००० किमी). त्यानंतर स्टेज २ रीमॅप (ताकद वाढवायला इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलणं), बिनकॅटचा डाउनपाइप (धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे कॅट, नसलेला इंजिनाजवळचा एक्झॉस्ट पाइप), मोठ्या आवाजाचा सायलेन्सर, कॉइलओव्हर (उंची बदलता येणारे स्प्रिंग-शॉकचे संच) आणि हलकी अलॉय चाकं यांवर ४.१० लाख गेले. त्यातले अडीच लाख १४ टक्क्यांच्या पर्सनल लोनचे. काढलेले सगळे ओरिजिनल पार्ट बाल्कनीत पडून आहेत. गॅरेजवाला सगळ्याचे मिळून ९०,००० देतोय, बायको म्हणते देऊन टाक. मला वाटतं महिना २,००० भाड्याने एक गाळा घेऊन ते ठेवावेत, चार वर्षांनी गाडी विकताना कामी येतील. ९०,००० आले तर ब्रेक किट घ्यायचा विचार आहे. काय करू?

उत्तर: बाल्कनी मोकळी करा, एवढं वहिनींचं म्हणणं बरोबर आहे. पण सगळा माल एकगठ्ठा गॅरेजवाल्याला देऊ नका, आणि गाळ्याचं डोक्यातून काढून टाका.

गाळ्याचा हिशेब आधी करू. चार वर्षांचं भाडं ९६,०००. आज मिळणारे ९०,००० सात टक्क्यांच्या एफडीत टाकले, तर तेवढ्याच काळात १.१८ लाख होतात. म्हणजे पार्ट सांभाळण्याची खरी किंमत २.१४ लाख, तीही भाडेवाढ न धरता. एवढे पैसे ते पार्ट परत देणार नाहीत.

मग ठेवायचे तरी कशाला? हौशी मंडळींना वाटतं, गाडी दुर्मिळ आहे तर पार्टलाही पुढे भाव येईल. तुमची गाडी दुर्मिळ आहे हे खरंच. भारतात आरएस २४५ च्या २०० च गाड्या आल्या, थेट आयात केलेल्या, एक्स-शोरूम ३६ लाखांच्या आसपास. पण दुर्मिळ गाडीचा वापरलेला शॉक अॅब्सॉर्बर काही दुर्मिळ होत नाही. ओरिजिनल पार्टचा उपयोग वेगळाच आहे: नव्या पार्टमध्ये अडकलेले पैसे सोडवून घेणं. गाडी विकताना मॉडिफिकेशनचे वेगळे पैसे सहसा कोणी देत नाही. उलट ‘रीमॅप आहे’ म्हटलं की गिऱ्हाईक गिअरबॉक्स किती हाणला असेल या शंकेने भाव पाडतो. तेच कॉइलओव्हर आणि अलॉय सुटे विकायला काढलेत, तर दुसऱ्या ऑक्टाव्हियावाल्याकडून बरे पैसे मिळतात. पण ते सुटे विकायचे तर गाडी कशावर तरी उभी राहायला हवी ना!

त्या दृष्टीने एकेक ओरिजिनल पार्ट बघा. अलॉय ठेवा, टायर विका. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३२० असेल तर तो २०२० च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. रबर पडून पडून कडक होतं, चार वर्षांनी ते टायर कोणी फुकटही नेणार नाही. टायर काढलेली चार अलॉय मध्ये जुन्या चादरी घालून एकावर एक रचली, की पावणेदोन फुटांचा कोपरा पुरतो. स्प्रिंगा ठेवा, शॉक विकून टाका. गाडी विकताना नवे शॉक घालावे लागतील, पण तो खर्च कॉइलओव्हरच्या पैशांतून निघावा. सायलेन्सर अवजड आहे, गावी घर असेल तर तिकडे पाठवा. आणि ईसीयूची (इंजिनच्या कॉम्प्युटरची) मूळ फाइल रीमॅप करणाऱ्या ट्यूनरकडून आजच मागून घ्या. तिला जागा लागत नाही, आणि उद्या तो ट्यूनर धंदा बंद करून गेला तर धावपळ तुमचीच. नट-बोल्ट पार्टप्रमाणे वेगळ्या पिशव्यांत, वर चिठ्ठी लावून ठेवा. हरवतात तेच.

कॅट असलेल्या ओरिजिनल डाउनपाइपबद्दल माझं मत तुम्हाला रुचणार नाही. तो ठेवायचा नाही, विकायचाही नाही, परत गाडीखाली लावायचा. कॅटशिवाय गाडी रस्त्यावर चालवणं बेकायदा आहे, पीयूसी कसंही मिळालेलं असो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ नोंदींपेक्षा वेगळे बदल करू देत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर गाडीमालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. रीमॅप उतरवून घ्यावा लागेल, थोडी ताकद कमी होईल. होऊ दे.

शिवाय, ९०,००० पैकी कॅटचे किती धरलेत हे त्या गॅरेजवाल्याला विचारा. कॅटमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं, म्हणून भंगारातही त्याला भाव आहे आणि लोक गोड बोलून तो काढून नेतात. धातूचा भाव वाढेल म्हणून धरून बसणंही नको. २०२२ च्या मार्चमध्ये पॅलेडियम औंसाला ३,००० डॉलरच्या वर होतं, २०२४ मध्ये हजाराच्या खाली आलं.

खरी जोखीम मात्र विम्याची आहे. तुम्ही एका ओळीतही विम्याचा उल्लेख केलेला नाही. कंपनीला हे बदल कळवले नसतील, तर मोठ्या अपघातात सर्व्हेयर कॉइलओव्हर आणि रीमॅपवर बोट ठेवून क्लेम अडवू शकतो. तेव्हा १५-२० लाखांची गाडी पणाला लागते आणि आपण ९०,००० वर वाद घालत बसलोय. राहणारे बदल ईमेलने कळवा, पॉलिसीवर एंडॉर्समेंट (बदलांची नोंद) करून घ्या, जादा प्रीमियम भरा. घरी ठेवलेले पार्ट मोटार पॉलिसीत येत नाहीत. ती पॉलिसी गाडीवर बसवलेल्या वस्तूंपुरती असते.

गाडी तुमच्या स्वतःच्या वापरातली, त्यामुळे सुट्या पार्टच्या विक्रीवर कॅपिटल गेन टॅक्स लागत नाही. टायर आणि शॉकचे मिळून पंचवीसएक हजार आले, तरी ते ब्रेक किटला नकोत. १४ टक्क्यांचं कर्ज डोक्यावर असताना सात टक्क्यांची एफडीसुद्धा मी सांगणार नाही, ब्रेक किट तर दूरच. बँकेला पार्ट-पेमेंटचे नियम आणि चार्ज विचारा, आणि पैसे आले त्याच आठवड्यात लोनमध्ये भरा.