आउटपुट फाइलमध्ये वळवलं तरी एरर स्क्रीनवरच का येतात?

शेल (तुमच्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम) साठीच्या स्क्रिप्टमध्ये तुम्ही हे लिहिलंय:

./हिशेब > नोंद

तरी एरर स्क्रीनवर दिसतात आणि फाइल रिकामी राहते. कारण प्रोग्रामला बोलायला दोन वाटा असतात. नेहमीचं आउटपुट 1 नंबरवरून जातं, एरर 2 नंबरवरून. नुसत्या > ने फक्त 1 वळतो. दोन्ही हवं असेल तर:

./हिशेब > नोंद 2>&1

इथे क्रम उलटा करू नका, बहुतेकांची गाडी इथेच अडते. 2>&1 म्हणजे ‘1 आत्ता जिथे जातोय, तिथेच 2 ला पाठव’. शेल हे डावीकडून उजवीकडे वाचतं. तुम्ही 2>&1 > नोंद लिहिलंत, तर त्या क्षणी 1 अजून स्क्रीनवरच असतो. मग 2 स्क्रीनला चिकटतो आणि 1 एकटाच फाइलमध्ये जातो.

दुसरं, आणि हे खरंच जपा: > ने फाइल कमांड सुरू होण्याआधीच रिकामी होते. म्हणून सॉर्टसारख्या (sort, ओळी क्रमाने लावणाऱ्या) कमांडला एखादी फाइल वाचायला देऊन आउटपुटही त्याच फाइलमध्ये वळवलंत, तर सगळा मजकूर जातो. निकाल आधी वेगळ्या फाइलमध्ये घ्या, मग नाव बदला. जुन्या नोंदी ठेवून खाली भर घालायची असेल तर >> वापरा.

स्क्रीनवरही दिसायला हवं असेल तर > नोंद काढून टाका आणि 2>&1 नंतर पाइप (|, एका कमांडचं आउटपुट दुसरीला देणारं चिन्ह) लावून टी (tee) कमांडला फाइलच्या नावासह द्या; ती आउटपुट स्क्रीनवर दाखवते आणि फाइलमध्येही लिहिते. मात्र तेव्हा $? मध्ये (शेवटची कमांड यशस्वी झाली की फसली ते सांगणारा आकडा) टीचा निकाल येतो, तुमच्या प्रोग्रामचा नाही. बॅश या शेलमध्ये पाइपफेल (set -o pipefail) चालू केलंत की प्रोग्राम फसलेला कळतो.