चित्रं झाकू नका, पुस्तक बदला

प्रश्न : ताई, माझी मुलगी पहिलीत आहे. मुळाक्षरं, बाराखडी येते. पण गोष्टीचं पुस्तक दिलं की अक्षरांकडे बघतच नाही, चित्रावरून अंदाजाने वाक्य म्हणून टाकते. परवा ‘घोडा’ लिहिलेलं असताना ‘गाढव’ म्हणाली. चित्रं झाकून वाचायला लावू, की बिनचित्रांची पुस्तकं आणू? – एक आई

उत्तर : दोन्ही नको. मुलांच्या वाचनालयात काम करताना हे मी सतत बघते, आणि दोष बहुतेक वेळा पुस्तकाचा असतो. ‘मनी झाडावर चढली’ असं वाक्य आणि चित्रातही झाडावर चढलेली मनी. मग अक्षरं लावायची गरजच कुठे उरते?

आता असं पान डोळ्यांसमोर आणा. मनी अंगाची गुंडाळी करून पडली आहे, एक डोळा किंचित उघडा, पोटाखालून उंदराची शेपटी डोकावते आहे. खाली वाक्य : ‘मी तर झोपलेय,’ मनी म्हणाली. हे वाक्य चित्रावरून ओळखता येत नाही, लावावंच लागतं. लावलं की मूल लगेच ओरडतं, ‘खोटं बोलतेय ती!’ पॅट हचिन्स यांच्या ‘रोझीज वॉक’ या इंग्रजी चित्रपुस्तकात कोंबडी फिरायला निघते आणि कोल्हा मागे लागतो, पण अख्ख्या मजकुरात कोल्ह्याचं नाव एकदाही नाही. तो फक्त चित्रांत आहे.

पुस्तक निवडताना मजकुरावर हात ठेवून चार पानं नुसती बघा. मग चित्रांकडे न बघता तीच पानं वाचा. दोन्ही वेळा तीच गोष्ट कळली, तर ते पुस्तक तुम्ही वाचून दाखवण्यापुरतं ठेवा.

छपाईही नीट बघा. गवतावर, पानाफुलांवर छापलेल्या मजकुरात अनुस्वार हरवतात. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला भिडत असेल, तर नवं वाचणारं मूल तिथे अडतंच. नक्षीदार अक्षरं मुखपृष्ठावर शोभतात, आत नकोत.

जोडाक्षरांचा मात्र बाऊ करू नका. ती टाळायची म्हणून लिहिलेली पुस्तकं इतकी कोरडी होतात की मोठ्यांनाही पान उलटवत नाही. ‘म्हणाली’ हा शब्द पानोपानी आला की मुलं तो अख्खाच ओळखू लागतात. घरात बोलतो तशी भाषा आणि पुन्हा पुन्हा येणारी एखादी ओळ असली की खूप झालं. एका पानावर पाच शब्द अडले तर पुस्तक अवघड, असा एक ठोकताळा सांगतात. पण तो भरल्या पानासाठी. पानावर दहाच शब्द असतील तर दोन-तीन अडले तरी पुरे, ते पुस्तक तूर्त तुम्ही वाचा.

‘गाढव’ म्हणाली तेव्हा ‘चूक’ म्हणू नका. पहिल्या अक्षराखाली बोट ठेवा आणि विचारा, ‘हे काय आहे गं?’ ‘घो’ वाचून झालं की ती स्वतःच पुन्हा चित्राकडे बघेल.

आणि पाठ झालेलं पुस्तक तिने परत मागितलं तर खुशाल द्या. पाठ ओळ म्हणताना तिला शब्दांखालून बोट फिरवू द्या. बोट पुढे गेलं आणि शब्द मागे राहिला की ती आपणच थांबते, मागे येते आणि नेमका तो शब्द शोधते.