रंगीबेरंगी घर हवंय? आधी लुगड्याकडे बघा

तुमचा प्रश्न वाचून हसू आलं आणि कणवही वाटली. नवा टूबीएचके, बिल्डरने दिलेल्या बिस्किटी भिंती, नुकताच आलेला करडा सोफा. तुम्हाला घर गच्च आणि रंगीत हवंय, आणि सासूबाई म्हणतात, "घराचा मांडव होईल." बारा वर्षांपूर्वी आमच्याकडे हाच वाद झाला होता. मी कुणाचं ऐकलं नाही आणि डोंबिवलीच्या हॉलच्या चारही भिंती राणी रंगाने रंगवून घेतल्या. छत पांढरंफेक, उजेड ट्यूबलाइटचा. रात्री दिवे लागले की मिठाईच्या दुकानात बसल्यासारखं वाटायचं. आठ महिन्यांत रंगारी परत बोलावला.

पुढे आईची ट्रंक आवरताना तिची पैठणी हातात आली आणि डोक्यात प्रकाश पडला. हिरवंगार अंग, राणी काठ, पदरावर जर, मोर, वेल, मुनिया. इतकं सगळं असून ती कुणाला भडक वाटत नाही, कारण अंग एकाच रंगाचं असतं आणि बुट्टी विरळ. काठ या टोकापासून त्या टोकापर्यंत साथ सोडत नाही. सगळी गर्दी पदरात. मी रंगवलेल्या हॉलला नुसतं अंग होतं, काठ नव्हता आणि पदरही नव्हता.

तर आधी अंग ठरवा. एका खोलीला एकच गडद रंग, आणि जमलं तर छतालाही त्याच रंगाची फिकी छटा. गडद भिंतीवर पांढरं छत झाकणासारखं दिसतं. रंग शेडकार्डावरून ठरवू नका, कपाटातून ठरवा: मोरपंखी, डाळिंबी, आमसुली, वांगी, शेवाळी. घरातल्या कुठल्या साडीला हात आधी जातो तो तुमचा रंग. मग लहान डबा आणून भिंतीवर दोन बाय दोन फुटांचा चौकोन रंगवा आणि सकाळी, चारच्या उन्हात व रात्री दिवे लावून असा तीनदा बघा. गडद रंगाला हात जास्त मारावे लागतात, त्यामुळे रंगाऱ्याने दोन हातांचा भाव सांगितला तर तिसऱ्याचं आधीच बोलून ठेवा. अगदी मॅट घेतलात तर स्विचच्या आजूबाजूला हात लागून चकाकते डाग पडतात, आणि फार चकचकीत घेतलात तर गिलाव्याचे उंचसखल भाग उठून दिसतात. मधलं काहीतरी घ्या.

हॉल दहा बाय पंधराचा आहे, अजून लहान दिसेल का, असं तुम्ही विचारलंय. लहान हॉल पांढरा रंगवूनही लहानच दिसतो, मग निदान बघावासा तरी वाटू दे.

काठ म्हणजे दुसरा रंग, आणि लोक नेमके इथे कंटाळतात. तो खोलीभर फिरला पाहिजे. दाराची चौकट, पडद्याची किनार, दोन-तीन फ्रेमा, उशीची पायपिंग, दिव्याची शेड. मी पाच जागा मोजते. पाचपेक्षा कमी असतील तर तो रंग चुकून आल्यासारखा वाटतो. काठासाठी कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा खण छान, फक्त त्याचा पन्हा लहान असतो. अख्खा पडदा करायला गेलात तर जोड देत बसावं लागेल. किनार आणि उशा करा. शिवायच्या आधी वेगळा भिजवून घ्या, आमच्या लाल खणाने पांढरी चादर गुलाबी केली होती.

आता पदर. एकच भिंत, पण हात आखडता न घेता भरलेली. पुण्यात आहात तर बाजीराव रस्त्यावरच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात एक दुपार काढा. तिथले अडकित्ते आणि दिवे बघा. एकटा अडकित्ता शोकेसमध्ये ठेवला तर कुणीतरी विसरून गेल्यासारखा वाटतो. पंचवीस शेजारी शेजारी आले की माणूस थबकून प्रत्येकाची मूठ बघायला लागतो. म्हणून दहा प्रकारच्या दहा वस्तू आणण्यापेक्षा एका प्रकारच्या दहा आणा. कसबा पेठेतल्या तांबट आळीतली तांब्याची भांडी, सावंतवाडीची लाकडी फळं, पिंगुळीची चित्रकथीची चित्रं, काहीही. दशावतारी गंजिफाचा, म्हणजे जुन्या गोल पत्त्यांचा, संच १२० पानांचा असतो. त्यातल्या दहा रंगांचे (इस्पिक-बदामसारख्या दहा गटांचे) फक्त दहा राजे एका फ्रेमेत लावले तरी दहा अवतारांची भिंत होते. आणि बाजारात जायच्या आधी स्वतःचा माळा उतरवा. आमची निम्मी भिंत आजेसासूबाईंच्या डब्या-गडव्यांनी भरली, शून्य रुपयांत.

फ्रेमा आधी जमिनीवर मांडा. वर्तमानपत्रं त्या आकारात कापून भिंतीला चिकटवा आणि दोन दिवस तशीच राहू द्या. दोन फ्रेमांत दोन-तीन इंच, जास्त नको. संग्रहालयात उभ्याने बघतात, आपण घरी बसून बघतो, म्हणून सगळं थोडं खाली घ्या.

भोकं पाडण्याआधी भिंत कसली आहे ते विचारा. नव्या इमारती बऱ्याचदा मायव्हनच्या असतात, म्हणजे भिंत सलग काँक्रीटची. साधं ड्रिल नुसतं किंचाळतं, हॅमर ड्रिल लागतं, आणि आतून वायरिंगचे पाइप गेलेले असतात. पांढऱ्या हलक्या ब्लॉकची असेल तर उलट त्रास, साधी गिट्टी, म्हणजे स्क्रूसाठी भोकात ठोकायचा प्लग, सैल होऊन पितळी परात खाली येते. त्या ब्लॉकसाठी वेगळी लांब गिट्टी मिळते. पावसाची झड बसते त्या बाहेरच्या भिंतीवर पदर घेऊ नका, वॉलपेपर तर नकोच. ओल आली की गडद रंगावर लोणा पिठासारखा उठून दिसतो.

माझं निम्मं नुकसान दिव्यांनी केलं होतं हे नंतर कळलं. ६५०० केल्विनच्या पांढऱ्या उजेडात डाळिंबी मेलेला दिसतो आणि मोरपंखी निळा पडतो. २७०० ते ३००० चे पिवळसर बल्ब घ्या, खोक्यावर सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० च्या वर आहे का बघा, आणि छताच्या एका दिव्याऐवजी खाली-कोपऱ्यांत तीन-चार लावा.

धुळीबद्दल कुणी विचारत नाही, म्हणून मीच सांगते. उघड्यावरच्या प्रत्येक वस्तूची धूळ कुणीतरी पुसतं, आणि ते कुणीतरी बहुधा मावशी असतात. भरलेली भिंत केलीत तर त्यांचा पगार वाढवा. सगळं पितळ चिंच लावून लखलखीत ठेवायचा हट्टही सोडा. मी फक्त समया घासते, बाकीचं काळवंडू देते, गडद भिंतीवर ते जास्त देखणं दिसतं. खरी पैठणी कापून उशा करू नका, काचेत लावलीत तरी उन्हापासून लांब.

सासूबाईंचं म्हणाल तर काठाचा रंग त्यांना निवडू द्या. आमच्याकडे माझ्या सासूबाईंनी चिंतामणी निवडला, मला तो तेव्हा मुळीच आवडला नव्हता. आता चौकटी त्याच रंगाच्या आहेत आणि मांडवाचं नाव कुणी काढत नाही.

करडा सोफा मात्र परत करू नका. एवढ्या गर्दीत डोळ्याला टेकायला एक शांत जागा लागतेच, आणि त्यावर जुन्या साड्यांची गोधडी टाकली की तो करडा होता हे महिन्याभरात विसराल.