चकत्या वरून कडक, आतून ओल्या

प्रश्न: सौर ड्रायरमध्ये टोमॅटोच्या चकत्या दोन दिवसांत खडखडीत वाळल्या. हवा बाहेर जायची झडप लावूनच ठेवली होती. पिशव्यांत भरल्या तर आठवड्यात बुरशी. तापमान कमी पडतं का?

उत्तर: कमी नाही, बहुधा जास्त झालं. उष्णता वाया जाऊ नये म्हणून झडप लावून घेणारे तुम्ही एकटे नाही. सुरुवातीलाच आतली हवा ६५-७० अंश सेल्सियसवर गेली की चकतीवर कडक पापुद्रा धरतो आणि पोटातलं पाणी तिथेच अडकतं. पुढे पिशवीत ते हळूहळू वर येतं. माल वाळवते ती वाहती हवा. ऊन तिला फक्त कोरडी करतं. हवा १० अंशांनी तापली की तिची सापेक्ष आर्द्रता जवळपास निम्म्यावर येते. पण तीच हवा कोंडून ठेवली, तर ओल पिऊन घटकाभरात निकामी होते. काच आतून धुकट दिसली की समजा, हवा अडली आहे.

झडप सकाळपासून पूर्ण उघडी ठेवा आणि आतलं तापमान ५०-६० अंशांत राखा. चकत्या ५-६ मिलिमीटरच्या, एकीवर एक न चढवता. संध्याकाळी ट्रे झाकून झडपा बंद करा, नाहीतर रात्रीची दमट हवा दिवसाची मेहनत परत ओली करते.

माल किती घालता तेही बघा. १०० किलो टोमॅटोत साधारण ९४ किलो पाणी असतं. चांगल्या उन्हात १ चौरस मीटरवर दिवसाला ५-६ युनिट ऊर्जा पडते. साधा ड्रायर त्यातली पाव कामी लावतो असं धरलं, तर रोज जेमतेम २ किलो पाणी उडतं. म्हणजे १०० किलो माल तीन दिवसांत वाळवायला १५ चौरस मीटर तरी हवेत. विकणारा काहीही सांगो, हा हिशेब आधी करा.

पिशव्या भरण्यापूर्वी थंड झालेल्या चकत्या काचेच्या बरणीत आठवडाभर ठेवून रोज हलवा. आतून दव धरलं तर पुन्हा ड्रायरमध्ये. बुरशी लागलेला माल मात्र वाळवून वापरू नका, टाकून द्या.

प्रश्न: सौर शीतखोलीला बॅटरी घ्यावी का?

उत्तर: दिवे, पंखे आणि नियंत्रणापुरती छोटी घ्या. रात्री लागणारा गारवा दिवसाच टाकीत बर्फ करून साठवणं मला जास्त पटतं: १ किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता शोषतो, आणि टाकीतलं पाणी बॅटरीसारखं काही वर्षांनी बदलावं लागत नाही. माल पहाटे तोडा. दुपारी तोडलेल्या मालातली ऊब काढण्यातच अर्धी वीज जाईल. पालेभाजी आणि हिरवट टोमॅटो एका खोलीत नकोत. भाजीला शून्याच्या जवळची थंडी लागते, टोमॅटो १० अंशांखाली ठेवला तर नंतर नीट पिकत नाही. खोली एकच असेल, तर ती भाजीला द्या आणि टोमॅटो सावलीत, हवेशीर क्रेटमध्ये ठेवा.