सामान भिंतीपासून सोडव

चि. भाच्यास,
अनेक आशीर्वाद.

दिवाळीच्या आत घर आवरायला काढतोस, चांगलं आहे. पण फडा हातात घेण्याआधी घरातली घाण बसते कुठं ते बघ. मधली जमीन ताई रोजच झाडते. घाण बसते ती कोठी आणि भिंतीच्या सांदीत, धान्याच्या पोत्यांच्या, म्हणजे कट्ट्यांच्या बुडाशी, दिवाणाखाली. ओल तिथंच धरते, वाळवी तिथूनच चढते, उंदीर तिथंच पिलं घालतात आणि उंदरामागून साप येतो. म्हणून सामान परत लावताना प्रत्येक वस्तू भिंतीपासून वीतभर सोडायची आणि जमिनीला टेकू द्यायची नाही. कट्ट्यांखाली विटा आणि त्यावर फळ्या. मधून फडा फिरला पाहिजे आणि टॉर्च मारली तर पलीकडची भिंत दिसली पाहिजे.

अख्खं घर एकाच दिवशी अंगणात काढू नको. संध्याकाळ होते, सगळे दमतात आणि होतं तसंच सामान आत जातं. एका दिवशी एकच खोली. सोयाबीन ज्या खोलीत पडणार ती सगळ्यात आधी, कारण एकदा कट्टे रचले की ती खोली लवकर हलत नाही. खोलीतही वरच्या माळ्यापासून, आटाळ्यापासून सुरुवात कर, तोंडाला दुपट्टा बांधून. जळमटं आणि कवेलूची माती खालीच येणार, तेव्हा जमीन शेवटी.

काय टाकायचं हे तू ठरवू नको, ताईला विचार. आहेरातले स्टीलचे डबे ती देणार नाही, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. फाटक्या चुंगड्या, बुरशी लागलेल्या गोधड्या, न चालणारे पंखे, कुरतडलेल्या ठिबकच्या नळ्या, एवढं निघालं तरी अर्धा आटाळा रिकामा होतो. चांगल्या नळ्या गुंडाळून बाहेर छपरीत टांग.

फवारणीच्या औषधांचं मात्र कुणाला विचारायचं नाही. आढ्याला खोचलेली बाटली, चुलीमागची पुडी, सगळं घराबाहेर, कुलपाच्या पेटीत. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-शेतमजूर दगावले, ते आठवत असेल. रिकामा डबा तीनदा खळखळून धू, ते पाणी फवारणीच्या पंपातच टाक, आणि डब्याला भोकं पाड. भोक नसलेला डबा कुणीतरी पाण्याला, नाहीतर तेलाला वापरतोच. धान्यात ठेवायच्या सल्फासच्या गोळ्या माणसं झोपतात त्या घरात वापरूच नको. त्यांचा गॅस दाराच्या फटीतून शेजारच्या खोलीत जातो आणि माणूस झोपेतच जातो. तूर कडक वाळवून, कोठी पुसून भरली की बरंचसं काम होतं.

तुराट्या-पऱ्हाट्यांचा ढीग घराच्या भिंतीला टेकलेला असेल तर तो मागच्या परसाच्या, सांदवाडीच्या टोकाला ने. उजेडात, बूट घालून, आधी काठीनं हलवून. मण्यार रात्री निघते आणि जमिनीवर झोपलेल्याच्या अंथरुणात शिरते. त्यामुळे खाली अंथरूण टाकायचं असेल तर मच्छरदाणी लावून कडा गादीखाली खोचायच्या.

आता भिंती. पोपडे निघाले असतील तर चुना लावण्याआधी त्याच भिंतीची बाहेरची बाजू पाहा. बहुतेक वेळा सांदवाडीतली माती वर्षानुवर्षं भिंतीला चढत गेलेली असते, नाहीतर पागोळ्या थेट बुडाशी पडतात. माती उकरून खाली घे, पाण्याला उतार दे. हे न करता चुना मारलास तर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा पोपडे.

चुना ढेकळांचाच आण, कळीचा. पूड झालेला चुना हवेतच विझलेला असतो, भिंतीला नीट धरत नाही. पाच किलो कळीला पंचवीस लिटर पाणी. लोखंडी पिंपात आधी पाणी, मग चुना थोडा थोडा. चुन्यावर पाणी ओतलंस तर तो उसळून डोळ्यात जातो, आणि प्लास्टिकची बादली त्या उष्णतेनं मऊ पडते. डोळ्याला चष्मा लाव, पोरांना लांब ठेव. रात्रभर झाकून ठेव, सकाळी जुन्या धोतरातून गाळ, शंभर ग्रॅम डिंक गरम पाण्यात विरघळवून घाल, वर किंचित नीळ. ताकाइतका पातळ हवा. एकाच हातात पांढरं करायला जाड लावतात आणि तोच पापुद्रा दिवाळी संपायच्या आत सुटतो. भिंत आधी पाण्यानं ओलसर कर, पहिला हात उभा, तो वाळल्यावर दुसरा आडवा. डिस्टेंपर असलेल्या भिंतीवर चुना धरत नाही, तो आधी खरवडावा लागतो.

सारवायच्या आधी खड्डे बुजव. माती आणि बारीक कुटाराचा चिखल भर, ठोक, एक दिवस वाळू दे. नुसतं शेण भरलं की भेगा पडतात.

न्हाणीत ब्लीचिंग पावडर आणि फरशीचं अ‍ॅसिड एकत्र पडू देऊ नको, विषारी वायू सुटतो. एक वापरून भरपूर पाण्यानं धुऊन झालं, तरी दुसरं दुसऱ्या दिवशीच.

कूलरचं अजून पाणी काढलं नसेल तर तेही आजच. गवताच्या ताट्या काढून उन्हात टाक, टाकीच्या आतल्या कडा काथ्यानं घास. डेंगूच्या डासाची अंडी पाण्याच्या रेषेशी चिकटलेली असतात आणि कोरडी राहूनही महिनोन् महिने जगतात, त्यामुळे टाकी नुसती उपडी करून भागत नाही. टिनाच्या टाकीला अ‍ॅसिड लावू नको, जस्ताचा थर निघून पत्रा सडतो. मोटरला चढलेला खार लिंबूसत्वाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्यानं निघतो, वायरिंगला पाणी लागू न देता. प्लग काढून ठेव, बुडाचं बूच उघडं ठेव आणि कूलर विटांवर चढव.

ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा