घर शाळेजवळ की विद्यापीठाजवळ?

प्रश्न : सप्टेंबरपासून मी इंग्लंडमध्ये पीजीसीई हा शिक्षक-प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम करणार आहे. घर विद्यापीठाजवळ घ्यावे की सरावाच्या शाळेजवळ? – एक वाचक, सातारा

उत्तर : माझ्या मते घर बस किंवा रेल्वेच्या मार्गालगत घ्यावे, कारण या अभ्यासक्रमात किमान दोन शाळांत अध्यापन करावे लागते आणि पहिल्या शाळेशेजारी घर घेतल्यास दुसरी शाळा शहराच्या दुसऱ्या टोकाला निघण्याची शक्यता असते. डिसेंबरात चारच्या सुमारास अंधार पडतो, तेव्हा लांबचा प्रवास फार जाणवतो. अनामत रक्कम सर्वसाधारणपणे 5 आठवड्यांच्या भाड्याहून अधिक मागता येत नाही. घरमालकाने ती 30 दिवसांत मान्यताप्राप्त योजनेत ठेवणे बंधनकारक आहे, त्याची पावती मागण्यात संकोच नसावा. घरातील सर्वजण पूर्णवेळ विद्यार्थी असल्यास कौन्सिल टॅक्स (घरावरचा स्थानिक कर) हाही माफ होतो.

मुलांमध्ये वावरण्यापूर्वी पार्श्वभूमीची तपासणी होते, म्हणून भारतातून निघण्यापूर्वीच पोलिसांचा दाखला पासपोर्ट कार्यालयातून मिळवावा. तिथल्या वर्गात मुले बरेच उलट प्रश्न विचारतात. आपल्याकडच्या शिस्तीची सवय असलेल्यास तो सुरुवातीला उद्धटपणा वाटतो, पण बहुधा तसा नसतो.