हजेरीचं सर बघतील, पण फॉर्म ३ चं कोण बघणार?

पत्र इंदूरच्या राजेंद्रनगरमधून एका आईचं आहे. मुलगी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला, खो-खो उत्तम खेळते, यंदा विद्यापीठाच्या संघात येईल असं दिसतंय. कोच म्हणतात, "अटेंडेंस की टेंशन मत लो, हो जाएगा." सीसीईच्या (म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत मूल्यमापनाच्या) असाइनमेंट एक सीनियर मुलगी लिहून देते, संघातल्या सगळ्याच मुलींच्या. वडिलांचं म्हणणं, एवढं तर चालतंच. उद्या स्पोर्ट्स कोट्यातून नोकरी लागली की कोण विचारतंय! मुलगी काहीच बोलत नाही. आईने विचारलंय: अडवू की गप्प बसू?

ताई, वडिलांच्या वाक्यापासूनच सुरुवात करते. विचारतात हो, आणि नेमकं नोकरी लागतानाच विचारतात.

केंद्र सरकारच्या गट 'क' पदांच्या स्पोर्ट्स कोट्यात खो-खो आहे. आंतरविद्यापीठ स्पर्धेत विद्यापीठाकडून खेळलेल्या मुलीला त्यात अर्ज करता येतो. त्यासाठी 'फॉर्म ३' लागतो. त्यावर कोचची सही चालत नाही, विद्यापीठाच्या क्रीडा विभागाच्या प्रमुखाची लागते. हे प्रमाणपत्र कार्यालयातल्या नोंदींच्या आधारे दिलं आहे, असं त्या फॉर्मवरच छापलेलं असतं. म्हणजे पडताळणी होते ती नोंदींची. आता कल्पना करा, १२ नोव्हेंबरला मुलगी दुसऱ्या राज्यात पश्चिम विभागाचा सामना खेळतेय, आणि कॉलेजच्या हजेरीपटात त्याच दिवशी सकाळी आठच्या अकाउंट्सच्या तासाला तिच्यापुढे 'पी', म्हणजे हजर, आहे. कुणी हे दोन कागद शेजारी ठेवले तर शंका हजेरीवर थांबत नाही, खेळावर जाते. ती खरोखर खेळली होती, हेही मग तिलाच सिद्ध करत बसावं लागतं. आणि तोपर्यंत कोच कुठल्या शहरात असतील कोण जाणे.

गंमत अशी की खोट्या हजेरीची बहुधा गरजच नसते. हिशोब करून बघा. बहुतेक कॉलेजांत अट ७५ टक्क्यांची असते, आणि ती विषयवार मोजली जाते, दिवसांवर नाही. समजा, अकाउंट्सचे आठवड्याला ४ तास, १५ आठवडे, एकूण ६०. हवेत ४५, म्हणजे १५ बुडले तरी चालतात. स्पर्धा आणि प्रवास मिळून दोन आठवडे गेले तर ८ तास गेले. अजून ७ हातात आहेत. मग कमी पडतं कुठे? रोजच्या सरावात. सराव साडेआठपर्यंत लांबतो, आठचा तास आठवड्यातून एकदा जरी बुडला, तरी उरलेल्या १३ आठवड्यांत १३ तास जातात. ८ आणि १३ मिळून २१. हजेरी उरली ३९, म्हणजे ६५ टक्के. दौऱ्याचं नाव होतं, खड्डा मात्र सकाळच्या सरावाने पडलेला असतो. म्हणून कोचकडे मागायचं ते एवढंच: आठचा तास असेल त्या दिवशी मुलीला सव्वासातला सोडा, कसर संध्याकाळी भरून काढेल. ही मागणी सहसा कुणी नाकारत नाही, कारण तिने संघाचं काही बिघडत नाही.

उरलेल्या दिवसांसाठी ऑन ड्युटी (ओडी) घ्यायची, म्हणजे खेळासाठी बुडलेले तास हजेरीत धरून घ्यायचे. इथे मुली घोळ घालतात तो असा, की परत आल्यावर, परीक्षेचा फॉर्म अडला की मग पळापळ सुरू. अर्ज निघायच्या आधी द्यायचा, कॉलेजच्या क्रीडा अधिकाऱ्यांमार्फत प्राचार्यांना, सोबत निवड यादीची प्रत. एक प्रत विभागप्रमुखांना, आणि आपल्याकडच्या प्रतीवर आवक क्रमांक व तारखेचा शिक्का. परतल्यावर आठवड्याच्या आत सहभागाचं प्रमाणपत्र, संघ व्यवस्थापकाचं पत्र आणि तिकिटांच्या झेरॉक्स. तारखा तिकिटाशी जुळल्या पाहिजेत, आणि नाव दहावीच्या गुणपत्रिकेत आहे तसंच, आडनावाच्या स्पेलिंगसकट. (आपल्या मराठी आडनावांचं हिंदी कारकून काय करतात ते तुम्हाला सांगायला नको.) आणखी एक: विद्यापीठाने लावलेलं शिबिर धरलं जातं, कोचने स्वतःच्या मैदानावर घेतलेलं 'कॅम्प' सहसा धरलं जात नाही. कॅम्पचं पत्र कुणाच्या सहीचं आहे, हे निघायच्या आधीच विचारा.

असाइनमेंटचा प्रश्न जास्त नाजूक आहे, कारण त्यात मैत्रीही आहे. मदत कुठे संपते ते मुलीला साध्या भाषेत सांगा. सीनियरने विषय समजावला, नोट्स दिल्या, लिहून झाल्यावर चुका दाखवल्या, इथवर सगळं ठीक. मजकूर मुलीचाच हवा. मोबाईलवरच्या एआयने लिहून दिलेलं पानही याच हिशोबात. एकाच हातून आठ जणींच्या फाइली झाल्या की आकडेमोडीतली चूकसुद्धा आठही ठिकाणी तीच उतरते. घसारा एकीने चुकीच्या दराने काढला की आठही जणींचा नफा त्याच रकमेने चुकतो, आणि शिकवणाऱ्यांना ते पानावर नजर टाकताच दिसतं. मग तोंडी दोन प्रश्न, आणि मुलगी उभी. त्यापेक्षा स्पर्धेचं वेळापत्रक लागल्याबरोबर विषयाच्या सरांना लेखी विचारावं: "या तारखांना मी नाही, सीसीई आधी देऊ की नंतर?" आधी विचारणारीला तारीख मिळते, नंतर कारण सांगणारीला मिळेलच असं नाही. पुढे एम.पी.एड. किंवा एमबीएला गेली तर ही सवय महागच पडेल. २०१८ च्या यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) नियमांप्रमाणे पदव्युत्तर प्रबंधात दुसऱ्यांच्या मजकुराशी १० टक्क्यांपर्यंतच साम्य खपतं. ४० च्या वर गेलं तर सुधारित प्रबंध वर्षभर देता येत नाही आणि ६० च्या वर थेट नोंदणीच रद्द.

रेल्वेत अभ्यास होतो, हा भ्रम मात्र घरातल्यांनी सोडावा. स्लीपरमध्ये बारा मुली, डबे, गाणी. जाताना चाळीस मिनिटं झाली तरी पुष्कळ. येताना झोपच येते, आणि यायलाच हवी. म्हणून दौऱ्यात फक्त एक विषय न्यावा, तोही थिअरीचा. अकाउंट्सची गणितं निघायच्या आधीच्या दोन रविवारी उरकावीत.

पेपर आणि सामना एकाच दिवशी आले तर? परीक्षा नियंत्रकांना क्रीडा विभागामार्फत लगेच अर्ज करा, पण वेगळा पेपर मिळेलच असं धरून चालू नका. नाही मिळाला तर माझं मत असं: अखिल भारतीय आंतरविद्यापीठ असेल तर खेळू द्या, तो विषय सप्लीमेंट्रीत निघेल. एखादी ओपन किंवा निमंत्रितांची स्पर्धा असेल तर पेपर द्यावा. सप्लीमेंट्री लागली म्हणून कुणाची नोकरी अडत नाही, नकलेचं प्रकरण झालं तर अडू शकते. 'पेपरची सोय होईल' असं कुणी म्हणालं, तर मुलीने तिथून उठून यावं.

दुसऱ्या कॉलेजच्या नावावर एखादा सामना खेळण्याची गळ घातली तर तेही नाही. अपात्र खेळाडू सापडली की अख्ख्या संघाचा निकाल जाऊ शकतो. आणि कोच देतील ती पावडर, सर्दीचं सिरपसुद्धा, नाव वाचल्याशिवाय घेऊ नये: स्यूडोएफेड्रिन स्पर्धेच्या काळात ठरावीक प्रमाणाबाहेर बंदी यादीत येतं, आणि नाडाच्या (राष्ट्रीय उत्तेजक-विरोधी संस्थेच्या) चाचणीत शरीरात सापडलं की जबाबदारी खेळाडूचीच.

आता तुमचा प्रश्न. अडवू नका, आणि स्वतः मैदानावर जाऊन सरांशी भांडूही नका. त्याने मुलगी संघात एकटी पडेल. तिलाच बोलू द्या, फार तर दोन वाक्यं: "सर, मैं ओडी से जाऊँगी, असाइनमेंट मैं खुद लिखूँगी. टाइम बस सुबह का चाहिए." सर बऱ्याचदा हो म्हणतात, कारण त्यांनाही सीनियरला सांभाळायची कटकट नकोच असते. पण यावरून संघातून काढण्याची भाषा झाली, तर क्रीडा अधिकाऱ्यांना लेखी द्या: निवड चाचणी कधी झाली, ती किती मिनिटं पळाली, किती गडी बाद केले. एखादा हंगाम त्यात जाऊही शकतो, हे तिच्यापासून लपवू नका. चाचणीचे हे आकडे ती आज रात्रीच वहीत लिहून ठेवू दे, तारखेसकट, कारण महिन्याभराने कुणालाच आठवत नाहीत.